२७ फेब्रुवारीचा पाहुणा

एकदा वाचनालयातून पुस्तक घेऊन येताना सेक्रेटरी काकांनी मला बघितलं, आणि तेवढ्यावरून मराठी भाषा गौरव दिनाला वक्ता आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आता कुसुमाग्रजांची जयंती, त्यात तात्यासाहेब आपल्या नाशिकचे, म्हणजे २७ फेब्रुवारीला इथल्या शाळा, कॉलेजं, बँका, सोसायट्या सगळ्यांनाच वक्ता हवा असतो आणि वक्ते असतात तेवढेच. दाट लग्नतिथीला घोडेवाला शोधून बघा, तसं.

पहिल्या सरांना जानेवारीतच फोन केला, म्हणाले "बघतो, कळवतो." अजून बघतायत. दुसऱ्या मॅडम लगेच हो म्हणाल्या, मी ग्रुपवर टाकून मोकळाही झालो, मग चार दिवसांनी त्यांचा फोन की अहो त्या दिवशी गंगापूर रोडलाच माझे तीन कार्यक्रम आहेत, तुमचं दुपारी अडीचला चालेल का? अडीचला आमच्या इंदिरानगरात वॉचमनसुद्धा जागा नसतो. मुंबईचे एक लेखक तयार होते, पण न्यायला एसी गाडी, रात्री हॉटेल, परतीला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस आणि मानधन वेगळं. आमचं बजेट २००० रुपये, त्यातच शाल, श्रीफळ आणि सगळ्यांचे बटाटेवडे. विषय काय ठेवू विचारलं तर म्हणाले, "काहीही ठेवा हो, मी बोलतो तेच बोलतो."

वर काका रोज ऐकवणार, "अरे, वसंत व्याख्यानमालेला मे महिनाभर गोदाघाटावर रोज नवा वक्ता येतो, तुला एक मिळेना?" काका, तिथे लोक भाषणाला येतात, आपल्याकडे वड्याला.

शेवटी नाशिकरोडचे एक रिटायर्ड सर मिळाले. अट एकच, द्राक्षांची पेटी देऊ नका, शुगर आहे. देवमाणूस! सहाचा कार्यक्रम, साडेसहा झाले, सर नाहीत, फोन उचलत नाहीत, म्हटलं द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले असतील. पावणेआठला त्यांचाच फोन.

"कार्यक्रम झकास झाला हो! पण तुम्ही कुठे दिसला नाहीत?"

झालं असं की मागच्या गल्लीतल्या सोसायटीला त्यांच्या वक्त्याने टांग दिलेली. सर बिचारे त्यांच्या गेटवर आमचा पत्ता विचारायला थांबले, तर त्यांनी सरांना रिक्षातून उतरवून थेट स्टेजवरच नेलं.

मी मांडवात येऊन सांगितलं. काकांनी हातातला वडा संपवला, मग विचारलं, "शाल परत घेईल ना रे दुकानदार? बिल आहे ना?"