भिंतीच्या भरवशावर

वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यासाठी कांदळवन तोडण्याचा वाद मुंबईत पेटलेला असताना माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, तुमच्याकडे पाणी अडवायला भिंती बांधतात आणि आपण इथे झाडे धरून बसलो आहोत." मी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये राहतो. ते वाक्य मला फार लागले.

29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना वादळ इथे आले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. बाहेरचे लोक वादळाला दोष देतात. इथला माणूस मात्र भिंती फुटल्या म्हणून शहर बुडाले, असेच सांगतो, आणि ते खरे आहे. सतराव्या रस्त्याच्या कालव्यातले पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचलेही नव्हते. पायाखालची मऊ माती सरकली आणि भिंत आडवी झाली. या भिंती बांधणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने 2006 मध्ये या रचनेतले दोष मान्य केले, पण 1928 च्या पूरनियंत्रण कायद्याने दलाला संरक्षण दिलेले असल्यामुळे भरपाईचा दावा न्यायालयात टिकला नाही.

लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत आजही गवत माजलेल्या मोकळ्या जागांवर सिमेंटच्या तीन-चार पायऱ्या उभ्या दिसतात. त्यांच्या वरचे घर वाहून गेले. तिथून थोड्याच अंतरावर, बांधापलीकडे, लाकडी मचाणावरून सायप्रसची मेलेली खोडे खाऱ्या पाण्यातून वर आलेली दिसतात. एके काळी तिथे दाट जंगल होते. जहाजांना जवळचा मार्ग हवा म्हणून 1960 च्या दशकात समुद्रापर्यंत कालवा खणला गेला, त्यातून खारे पाणी आत शिरले आणि उधाणाचा जोर मोडणारी ती झाडे मेली. वादळानंतर, 2009 मध्ये, तो कालवा दगडांचा बांध घालून बंद करण्यात आला. जंगल मात्र परत आले नाही.

भावाचे म्हणणे मी अगदीच मोडीत काढत नाही. कतरिनानंतर सुमारे 14.5 अब्ज डॉलर खर्चून बांध आणि दरवाजे नव्याने उभारले गेले आणि 2021 मध्ये, त्याच 29 ऑगस्टला आलेल्या आयडा वादळात ते टिकले. पण वीज मात्र साऱ्या शहराची गेली, आणि ऐन उकाड्यात ती कित्येक दिवस आली नाही. ज्यांच्याकडे गाडी होती ते आधीच बाहेर पडले होते. कतरिनाच्या वेळीही मागे राहिले ते मुख्यतः गाडी नसलेले, म्हातारे आणि गरीब.

कतरिनाच्या जेमतेम महिनाभर आधी, 26 जुलै 2005 रोजी, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. मिठी नदीचे पात्र आवळून आणि तिच्या काठची खारफुटी भरून आपण पाण्याची वाट आधीच अडवली होती. तेव्हाच्या चर्चेत हे सगळे बोलून झाले आहे, म्हणून आज तोच वाद नव्याने ऐकताना मला राग येतो. तोडलेल्या कांदळवनाच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावू, असे सांगितले जाते. पण वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, खाडीत शिरणारे उधाण दुसरीकडची झाडे कशी अडवणार, हे कोणी सांगत नाही. हा प्रश्न भावाने लोकप्रतिनिधींना लेखी विचारावा, असे मी त्याला सांगितले आहे.