आधी मत बदला, मग फोन

फोन बदलणं सोपं असतं. दुकानात जायचं, हप्ते बांधून घ्यायचे, जुन्याच्या बदल्यात मिळालेल्या साडेबाराशे रुपयांकडे बघून उसासा टाकायचा आणि बाहेर पडायचं. अवघड असतं ते मत बदलणं. परवापर्यंत ज्याला आपण 'खेळणं' म्हणत होतो तोच फोन खिशात घालून सोमवारी ऑफिसात जायचं आणि जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी पालथा ठेवायचा, कंपनीचं चिन्ह सगळ्यांना दिसेल अशा बेताने. चेहरा असा, की आपण जन्मापासून इथलेच. याला साधना लागते. ती मी 2006 सालापासून करत आलोय. सिम्बियन (म्हणजे नोकियाच्या फोनांत आत चालायची ती प्रणाली), ब्लॅकबेरी, विंडोज, अँड्रॉइड, आयफोन आणि फिरून अँड्रॉइड, इतके गुरू झाले. तेव्हा नव्याने दीक्षा घेणाऱ्यांना चार गोष्टी सांगायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालतो.

पहिली गोष्ट मुहूर्ताची. कुठलाही पंथ धरायचा तो त्याचा कळस चढल्यावर, उतरण लागायच्या जेमतेम आधी. सिम्बियनसाठी 2007 हे उत्तम वर्ष होतं. नोकियाचा एन95 बाजारात होता: पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, जीपीएस, वर आणि खाली दोन्हीकडे सरकणारं अंग. त्याच वर्षी 9 जानेवारीला स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला आणि तुम्ही हसलात. हसायलाच हवं होतं. त्याला बटणं नव्हती, थ्रीजी नव्हतं, आणि एका जागची ओळ उचलून दुसरीकडे चिकटवायची सोय व्हायला 2009 चा जून उजाडला. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी तर कॅमेऱ्यासमोर खदखदून हसून घेतलं. पाचशे डॉलरचा फोन, वर कीबोर्ड नाही, म्हणजे धंद्यापाण्याच्या माणसाला ईमेल लिहायला काय कामाचा? एवढा मोठा माणूस सोबतीला असला की चुकायलाही बरं वाटतं. पुढे ऑगस्ट 2008 मध्ये आयफोन थ्रीजी भारतात आला तो 31,000 रुपयांना. तेव्हा तर "यात थोडे घातले तर मोटरसायकल येते" हे वाक्य घरोघरी पाठ झालं. ते वाक्य जपून ठेवा. पुढे तुमचे वडील तुम्हालाच ऐकवतील.

ब्लॅकबेरी घ्यायचा तो पिन मागता यावा म्हणून. 2010 च्या सुमारास कट्ट्यावर फोन नंबर देणं गावंढळपणाचं होतं. द्यायचा तो पिन, म्हणजे ब्लॅकबेरीवाल्यांनी एकमेकांना मेसेज धाडायचा पत्ता, आठ जागांचा, आकडे आणि अक्षरं एकत्र कालवलेला. त्याच वर्षी केंद्र सरकारने कंपनीला दम दिला, की मेसेज तपासायची वाट काढून द्या, नाहीतर 31 ऑगस्टनंतर सेवा बंद. आपण तेव्हा "कँटीनला ये" याच्या पलीकडे काही लिहीत नव्हतो. पण सरकारला तेही वाचायचंय म्हटल्यावर कॉलर आपोआप ताठ झाली. मग 2013 च्या ऑक्टोबरात बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरीचं मेसेजचं ॲप, इतरांच्याही फोनवर आलं, तोवर इतर सगळे व्हॉट्सॲपवर एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवत होते. 4 जानेवारी 2022 रोजी जुन्या ब्लॅकबेरींची सेवाच थांबली. माझा तेव्हा कपाटात होता. त्याला मी काही बोललो नाही.

प्लॅटफॉर्म बदलायचा म्हटल्यावर मराठी माणसाने खरं तर बिचकू नये. आपण फलाट बदलतच मोठे झालो. गाडी समोरच्या फलाटावर येतेय ही घोषणा गाडीचं तोंड दिसल्यावर व्हायची, आणि मग पिशव्या, पोरं, म्हातारी माणसं असा सगळा लवाजमा घेऊन जिना चढायचा. दादरला तर 2023 च्या डिसेंबरात माणसं होती तिथेच उभी राहिली आणि मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलून गेले. फिनलंडमधली रीत निराळी. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी आपल्याच लोकांना पत्र लिहिलं. समुद्रातल्या तेलविहिरीचा फलाट पेटलाय, आणि वर उभ्या माणसापुढे दोनच वाटा आहेत: जळायचं, नाहीतर बर्फगार पाण्यात उडी टाकायची. काही दिवसांतच नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या पाण्यात उडी टाकली. सिम्बियनवाले फलाटावरच होते. आता दुकानदार स्वतःच "आग लागली हो" म्हणून ओरडत असताना काउंटरवर शांतपणे नोटा मोजणं, याला श्रद्धा म्हणतात. माझ्या मेहुण्याने मार्चमध्ये सिम्बियनचा फोन घेतला. पेढेही वाटले.

विंडोज फोनची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगायला हवी, कारण तिथे साधकाची खरी परीक्षा होती. सप्टेंबर 2010 मध्ये हा फोन बाजारात यायच्या आधीच मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या आवारात कर्मचाऱ्यांनी आयफोन आणि ब्लॅकबेरीची अंत्ययात्रा काढली. शववाहिनीसकट. जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे तिथे सांगायला कुणी वडीलधारं नसावं. एप्रिल 2012 मध्ये नोकियाचा विंडोजवाला लुमिया 900 अमेरिकेत विक्रीला आला आणि जूनमध्ये जाहीर झालं, की नवीन विंडोज फोन 8 त्याच्यावर चालणार नाही. अंगाची हळद उतरायच्या आत! समजूत काढायला 7.8 नावाचं काहीतरी दिलं, त्यात मुख्य पडद्यावरचे चौकोन लहानमोठे करता येत. नवं घर नाही, पण जुन्याच दाराला नवं तोरण.

विंडोजवाल्याला फोन वापरायला वेळ मिळत नसे, कारण तो सदोदित बाजू मांडत असे. बँकेचं ॲप नाही? ब्राउझरमध्ये उघडतं की. टॅक्सीचं? मला चालायला आवडतं. इन्स्टाग्राम? आलंय, बीटा आहे, म्हणजे अजून चाचणीवर. ते बीटा 2013 च्या नोव्हेंबरात आलं आणि दोन वर्षं उलटून गेली तरी बीटाच राहिलं. इतक्या काळात पोर बालवाडीत जातं. पण खरं सांगतो, तो फोन देखणा होता. अक्षरं सुबक, पडदा लोण्यासारखा सरकायचा. वाईट माणसाशी भांडता तरी येतं, याच्याशी तेही करता येईना. 2019 च्या शेवटी व्हॉट्सॲपनेही पाठ फिरवली, तेव्हा त्या फोनवरून माझ्या संपर्कात फक्त मीच उरलो होतो.

आता भाषेकडे वळू. एका गोटातून दुसऱ्यात जाताना काय बोलायचं हे महाराष्ट्रात नव्याने शिकवायला नको. "तिकडे माझी घुसमट होत होती." एवढं पुरतं. अँड्रॉइडमधून आयफोनमध्ये गेलात तर "सुरक्षेसाठी गेलो" म्हणा, आयफोनमधून अँड्रॉइडमध्ये आलात तर "स्वातंत्र्यासाठी आलो" म्हणा. हप्ते परवडेनात हे कारण कधीही देऊ नये, त्याने विचारधारेला बट्टा लागतो. आणि जुन्या पक्षाबद्दल वाईट बोलताना थोडी जागा ठेवा. दोन वर्षांनी दिवाळीच्या सेलमध्ये परत जावं लागतं.

मराठीचाही अभिमान वेळेनुसार बाळगावा. साध्या नोकियावर देवनागरीतला एसेमेस नीट वाचता यायचा. मग आपण प्रगती केली आणि जुन्या अँड्रॉइडचे, आवृत्ती दोन-सव्वादोनच्या काळातले फोन घेतले. त्यात मामाने पाठवलेल्या लग्नपत्रिकेच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग यायची. फार तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसायची. पण तेव्हा कुणी तक्रार केली का? उलट "आता मराठी कोण टाइप करतं?" असं आपणच इंग्रजी लिपीतल्या मराठीत लिहून कळवलं. मुहूर्त मात्र चुकला. चौकोनांत 11.42 एवढंच वाचता येत होतं, ते अक्षतांचं की जेवणाचं हे कळेना.

नंबरांची यादी एका फोनमधून दुसऱ्यात नेताना घाबरू नका, काहीही हरवत नाही. उलट वाढतं. माझ्याकडे आज 'बाबा', 'बाबा नवा', 'बाबा नवा खरा' आणि 'बाबा सिम' असे चौघे आहेत. वडील एकच. घाईच्या वेळी मी नेमका 'नवा खरा'ला लावतो आणि तो नंबर आता सोलापूरकडच्या कुणा ट्रॅक्टरवाल्याकडे आहे. भला माणूस आहे, ओळखीचा झालाय, बाबांची तब्येत विचारतो. सिमकार्डावर त्या काळी नाव लांबलचक मावत नसे, त्यामुळे 'सुतार पाटील सरांनी दिलेला' हा माणूस पहिल्याच स्थलांतरात 'सुतार पाटील स' झाला. दुसऱ्यात नुसता 'सुतार पा' उरला. तिसऱ्या फोनने आपली अक्कल चालवून तो आणि आत्याचे व्याही सुतार यांना एकत्र जोडून टाकलं. दर पाडव्याला मी त्या नंबरावर शुभेच्छा पाठवतो, तिकडूनही "आपणांस सहकुटुंब" अशा येतात. समोर कोण आहे ते मला माहीत नाही. बहुधा त्यालाही मी कोण ते माहीत नसावं. पण संबंध उत्तम आहेत.

चार्जरांविषयी जास्त बोलण्यासारखं नाही. जाड पिन, बारीक पिन, मायक्रो यूएसबी, आयफोनची रुंद पट्टी, 2012 पासूनची लाइटनिंग, असे सगळे एका खणात गुंता करून ठेवावेत. 2023 मध्ये आयफोन 15 लाही टाइप-सी आलं आणि घरातली एक चांगली भांडणाची जागा गेली.

न्यू जर्सीतल्या चुलतभावाकडे अजून गंमत आहे म्हणे. तिकडे पोरं आयफोनच्या मेसेजांवर जगतात आणि अँड्रॉइडवाल्याचा मेसेज हिरव्या रंगात उमटतो. 2024 मध्ये ॲपलने आरसीएस नावाची मेसेज पाठवायची नवी पद्धत आणली, त्याने फोटो धड जायला लागले, हिरवा रंग राहिलाच. म्हणजे माणसं एकाच पंगतीत, पण पत्रावळ वेगळी. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शेवटची परीक्षा आईच्या फोनची. स्वतःचे सगळे पंथ करून झाले की माणूस आईला दीक्षा द्यायला निघतो. तिचा अँड्रॉइड चांगला चालू होता, पण बहिणीने आयफोन 'घेऊन दिला', मग बसवून द्यायचं पुण्य माझ्याकडे आलं. तिच्या व्हॉट्सॲपात मावशीचे आवाजातले निरोप आहेत, त्यात आंबोशीच्या लोणच्याचं प्रमाण आहे, आणि "एक वाटी" म्हणजे कुठली वाटी याचं पाच मिनिटांचं स्पष्टीकरण आहे. ते गेलं तर मला घरात पाऊल ठेवता येणार नाही.

तर रीत अशी. अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲपच्या गप्पा नेण्याची अधिकृत सोय 2022 मध्ये झाली. नवा फोन आधी हौसेने लावून घ्यावा. अक्षरं मोठी करावीत, गणपतीचा फोटो पडद्यावर लावावा, बोटाचा ठसा शोधत बसावं, तो नाही म्हटल्यावर आईचा चेहरा चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय नोंदवावा, पासवर्ड वहीत लिहावेत. यात दोन तास जातात. मग सूचना वाचाव्यात. त्यात लिहिलेलं असतं, की नवा फोन कोरा हवा. वापरायला घेतला असेल तर पुसून पुन्हा सुरुवात करा.

आईने गणपती पुन्हा लावायला काही हरकत घेतली नाही. दोन्ही फोन चार्जिंगला लावून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, एकाच वायफायवर. पडद्यावर आलं, 1 मिनिट शिल्लक. मी चहा टाकला. चहा झाला, कप विसळून झाले, खाली दूधवाला येऊन गेला.

"झालं का रे?" आईने विचारलं.

"एक मिनिट राहिलंय."

तिने चष्मा वर करून दोन्ही फोनांकडे पाहिलं. "मघाशीही एकच राहिलं होतं," म्हणाली, आणि जुन्या फोनवर मावशीचा फोन आला तो तिने सवयीने उचलला.