ग्लासात केस टाकून केसांचा प्रकार कळत नाही हो

परत तो मेसेज फिरतोय, पाण्याच्या ग्लासात एक केस टाका, तरंगला तर पोरोसिटी (केस पाणी किती शोषतो ते) कमी, बुडाला तर जास्त, आणि त्यावरून तेल-कंडिशनर ठरवा. नका ठरवू.

केसाची घनता साधारण १.३ म्हणजे पाण्यापेक्षा (१) जास्तच, त्यामुळे तो खरंतर बुडायलाच हवा, तरंगतो तो पृष्ठताणामुळे, आणि त्यात केसावर तेल, सीरम, कंडिशनरचा थर किंवा हवेचे बुडबुडे असले की अजूनच तरंगतो. बोटाने जरा खाली ढकला, तोच केस बुडेल, मग काय एका सेकंदात पोरोसिटी बदलली? शिवाय एकाच लांब केसाचं मुळाकडचं टोक नवीन आणि शेंडा कित्येक वर्षं जुना, घासलेला, तर एका केसावरून सगळ्या डोक्याचा निकाल कसा लावणार.

त्यापेक्षा साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर वगैरे काही नको, न विंचरता आपोआप वाळू द्या आणि मग बघा सरळ, वेव्ही, कुरळे की अगदी घट्ट कुरळे. डोक्यावर दोन-तीन प्रकार सापडले तरी नॉर्मल आहे. धुताना केस भिजायलाच वेळ लागतो का, की पटकन पाणी पितात हेही बघा, ब्लीच किंवा कलर केलेले बहुतेक पटकन पितात कारण वरचा संरक्षक थर गेलेला असतो. आणि केसांच्या प्रकारांच्या तक्त्यातले ते २ए, ३बी वाले नंबर फक्त वळण सांगतात, केस जाड की बारीक ते नाही, आणि बारीक केसांवर जड हेअर बटर थापलं तर चिपचिपीत होणारच ना.