एसीतला गॅस संपत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे एसीवाला येऊन गेला. दहा मिनिटांत "गॅस संपलाय" म्हणाला, अर्ध्या तासात भरला, ३,२०० रुपये घेऊन गेला. आजी मला म्हणाल्या, "दरवर्षी भरावाच लागतो गं. तूही सासूबाईंच्या खोलीतल्या एसीत भरून घ्यायचीस ना?"

हो, घ्यायचे. सलग तीन उन्हाळे घेतला. पहिल्या वर्षी २,८०० रुपये, मग ३,०००, मग ३,२००. नऊ हजार रुपये गेले आणि चौथ्या वर्षी मे महिन्यात एसी पुन्हा गरम हवा फेकायला लागला. सासूबाई तेव्हा पक्षाघातामुळे अंथरुणावर होत्या. ठाण्यातला दमट उन्हाळा, पाठीला घाम साचला की दोन दिवसांत कातडी सोलवटायची. त्या खोलीतला एसी आम्हाला चैन म्हणून नको होता. म्हणून हे तळमळीने लिहितेय. आजींसारखी कितीतरी घरं दरवर्षी हा खर्च वर्गणी भरल्यासारखा भरतात.

घोळ मला वाटतं शब्दातच आहे. स्वयंपाकघरातलाही गॅस आणि एसीतलाही गॅस. सिलिंडरमधला जळतो, म्हणून संपतो. एसीतला जळत नाही. तो बंद नळ्यांमधून नुसता फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये नेऊन टाकतो. आपला फ्रिजही याच तत्त्वावर चालतो. पंधरा-पंधरा वर्षं फ्रिज चालतो, त्यात दरवर्षी कोण गॅस भरतं? एसीत गॅस कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती तशीच ठेवून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

चौथ्या वर्षी मात्र आला तो आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेला पंचविशीचा मुलगा. त्याने आधी फिल्टर काढून पाहिला, बाहेरच्या युनिटची जाळी पाहिली. म्हणाला, "काकू, धूळ बसली तरी थंडावा कमी होतो आणि कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळ्यावर, बर्फही धरतो. लोकांना वाटतं गॅस गेला." मग एसी बंद करून भांडी घासायच्या साबणाचा फेस त्याने जोडांवर लावला. आतल्या युनिटच्या मागे, जिथे तांब्याची नळी पितळी नटाने जोडलेली असते, तिथे बारीक बुडबुडे यायला लागले. नळीचं तोंड बसवतानाच नीट पसरवलेलं नव्हतं. तीन वर्षं माझे पैसे तिथून हवेत जात होते.

त्याने नळीचं तोंड कापून नव्याने नीट पसरवलं, म्हणजे फ्लेअर केलं, नायट्रोजन भरून दाब टिकतोय का ते पाहिलं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजून गॅस भरला. सगळं धरून ३,९०० रुपये. त्यातले ७०० गळती शोधण्याचे. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, गॅसला हात लावावा लागलेला नाही.

ही वजनकाट्याची गोष्ट नीट लक्षात घ्या. बाहेरच्या युनिटवर स्टिकर असतो, त्यावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. आपल्याकडच्या हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-३२ असतो, काहींत आर-४१०ए, जुन्यांत आर-२२. जुने मेकॅनिक दाबाच्या मीटरचा काटा बघून अंदाजाने भरतात. आर-२२ च्या काळात ते बऱ्यापैकी जमून जायचं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा, वेग सतत बदलतो, त्याबरोबर दाबही बदलतो, त्यामुळे नुसत्या मीटरच्या काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. कमी भरला तर थंडावा नाही, जास्त भरला तर कॉम्प्रेसरवर ताण. आणि व्हॅक्यूम न करता भरला तर आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरचं तेल खराब करते. पुढे कॉम्प्रेसर बसला की तो खर्च वेगळाच.

हा आर-३२ हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ६७५ पट तापमानवाढ करतो, आर-४१०ए तर २,००० पटींहून जास्त. आर-२२ ओझोनला घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने तो बंद होत आला. त्यामुळे दरवर्षी गॅस भरणं हा फक्त आपल्या खिशाचा प्रश्न नाही. आपण थंड झोपावं म्हणून बाहेरचा उन्हाळा वाढवत राहायचा, हे मला पटत नाही.

तरीही मला एसीवाल्यांना चोर म्हणायचं नाही. त्या मुलाला मी विचारलं, की आधीच्या तिघांनी हे का नाही केलं? तो म्हणाला, "काकू, गळती शोधायला कधी दोन तास लागतात. त्याचे पैसे कुणी देत नाही. लोक विचारतात, नुसतं बघायचे कसले पैसे? गॅस भरला की देतात." मला ते फार लागलं, कारण मीच तसं म्हणाले होते. पहिल्या वर्षी आलेल्या माणसाने पाहणीचे ३०० रुपये मागितले तेव्हा मी घासाघीस केली आणि गॅसचे २,८०० निमूट दिले. आपण वस्तूला पैसे देतो, डोक्याला आणि वेळेला देत नाही. मग समोरचाही वस्तूच विकणार. त्यात ही माणसं भर मे महिन्यात आठव्या-दहाव्या मजल्यावर छज्ज्यावर उभी राहून काम करतात, कित्येकदा कमरेला पट्टासुद्धा नसतो. पट्टा नसेल तर काम थांबवा, नंतर करा. एवढं तरी आपण म्हणूच शकतो.

दुसरा अनुभव माझ्या धाकट्या भावाचा, अकोल्याचा. त्याचा जुना, इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा एसी. बाहेरचा पंखा फिरायचा, कॉम्प्रेसर हुं हुं करून बंद पडायचा. एकाने सांगितलं कॉम्प्रेसर गेला, १४,००० लागतील. दुसऱ्याने येऊन कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग, मीटरवर मोजला, बदलला. मजुरीसकट ४५० रुपये. कपॅसिटर उष्णतेने मरतो आणि अकोल्याच्या उन्हाबद्दल मी वेगळं सांगायला नको. म्हणून कुणी मोठा आकडा सांगितला की घाई करू नका. आधी छोटी कारणं तपासून घ्या, बिघडलेला भाग मोजून दाखवायला सांगा, बदललेला जुना भाग मागून घ्या.

पाणी टपकतंय म्हणून तर घाबरूच नका. बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबलेला असतो किंवा त्याचा उतार चुकलेला असतो.

खरा जड खर्च येतो तो इन्व्हर्टरच्या पीसीबीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाचा, आणि कॉइलचा. बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरली तरी पीसीबी जळू शकतो. नवा घ्यायच्या आधी तोच दुरुस्त होतो का ते विचारा, ठाण्या-मुंबईत हे काम करणारी छोटी दुकानं आहेत. कॉइलचं मात्र वेगळं. खाडीची खारी हवा आणि उघड्या नाल्यातून येणारा वायू तांब्याला खातो. आमच्या मागच्या इमारतीतल्या एकांची कॉइल काळी पडून बारीक भोकं पडली होती. एक भोक बुजवलं, महिन्याने दुसरं. अशा कॉइलला ठिगळ लावण्यात अर्थ नाही, ती बदलायचीच. एसी आठ-दहा वर्षांचा असेल आणि कॉइल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल, तर मी तरी नवा घेईन. एसीचं वय त्याहून कमी असेल तर दुरुस्त करेन.

वॉरंटी कार्ड शोधून वाचा. "दहा वर्षं वॉरंटी" ही बहुतेकदा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च बाहेर. पीसीबीची वेगळी असू शकते आणि ती शिल्लक असताना लोक खिशातून पैसे भरतात. कंपनीचा नंबर त्या कार्डावरूनच घ्या, गूगलवर पहिला दिसेल तो लावू नका, त्यात भामटे असतात. बिल पक्कं घ्या आणि त्यावर किती ग्रॅम गॅस भरला ते लिहून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण हातात बिल नसेल तर बोलणार कशाच्या जोरावर?

आजींना मी परवा हे सगळं सांगितलं. त्या हिरमुसल्या, म्हणाल्या, "आता तर भरून झाला." मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, उलट हीच वेळ बरी, आत दाब आहे तोवर गळती लवकर सापडते. रविवारी सकाळी येतोय. काही सापडलं नाही तरी त्याचे ७०० द्यायचे, असं आजींनी कबूल केलंय. साबणाच्या पाण्याची बाटली मी भरून ठेवली आहे.