‘पिपेट मारायला सहा वर्षं कशाला?’ त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या पुण्यातल्या पाषाणच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं: पेशींमधले सिग्नल, एपिजेनेटिक्स (जीन तोच राहून त्याचा वापर कसा बदलतो, त्याचा अभ्यास) असल्या विषयांतली पीएचडी म्हणजे सरकारी पैशावर सहा वर्षं पिपेट, म्हणजे थेंब मोजून टाकायची नळी, मारणं; सहा महिन्यांत कुणीही ते शिकेल; आता एआय करेलच; आणि ‘विचारांनी जीन बदलतात’ हे गर्भसंस्कारामुळे आपल्याला आधीच ठाऊक होतं. मी याच विषयात, याच शहरात पीएचडी केली. हे वाचून गप्प बसवलं नाही.

पैशाचा मुद्दा लवकर संपतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडे भत्ता. त्यासाठी नेटसारखी परीक्षा, मग मुलाखत. आणि देशातल्या लॅबमधलं बहुतेक काम याच मुलांच्या हातून होतं. हा पगार आहे, तोही कष्टाचा.

आता ते सहा महिने. पिपेट धरायला तेवढेही लागत नाहीत, पंधरा दिवसांत हात बसतो. पण माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. ईआरके नावाचं प्रोटीन आहे. पेशीला बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला की त्यावर फॉस्फेट चढतो. मी पेशी रात्रभर सीरमशिवाय (पेशींना वाढायला घालतात त्या रक्तातल्या द्रवाशिवाय) ठेवायचे, कारण सीरममध्येच ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचा निरोप देणारी प्रोटीनं, असतात आणि निरोप आधीच पोचलेला असतो. सकाळी ईजीएफ नावाचा एकच ग्रोथ फॅक्टर घालायचा, पाच मिनिटं मोजायची, प्लेट थेट बर्फावर. मी तपासत होते त्या एका रसायनाने फॉस्फेट चढलेल्या ईआरकेचा बँड, म्हणजे तो किती आहे ते दाखवणारी पट्टी, जवळजवळ नाहीसा झाला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. लॅब मीटिंगमध्ये मी आनंदाने ब्लॉट (त्या पट्ट्यांचं चित्र) दाखवला आणि गाइडनी एवढंच विचारलं, “एकूण ईआरके किती आहे?” तो मी बघितलाच नव्हता. बघितला, तर तोही तितकाच उतरलेला. रसायन सिग्नल थांबवत नव्हतं, प्रोटीनच कमी करत होतं. तीन महिन्यांचा निष्कर्ष एका प्रश्नात गेला.

त्या रात्री मी खूप रडले. पण त्यानंतर कंट्रोल, म्हणजे निकाल ताडून बघायला लागणारी तुलना, न लावता मी एकही प्रयोग केला नाही, आणि दुसऱ्याचा पेपर वाचतानाही नजर आधी तिकडेच जाते. स्वतःला हवा असलेला निकाल समोर असताना त्याच्यावर संशय घ्यायला शिकायला वर्षं लागतात. मला लागली.

एआयबद्दल. अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला ते योग्यच. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रोटीनचा आकार काढणं हे मोठंच काम आहे. पण उंदराच्या पीसी१२ पेशी घ्या. ईजीएफ दिलं की ईआरके थोडा वेळ जागा होतो आणि पेशी विभागतात. एनजीएफ हा दुसरा ग्रोथ फॅक्टर दिला की तोच ईआरके तासन्‌तास जागा राहतो आणि पेशीला चेतापेशीसारखे लांब धागे फुटतात. प्रोटीन तेच, फरक वेळेचा. तो फरक कुणीतरी घड्याळ लावून, पेशी उचलून मोजला म्हणून कळला. एआयला शिकवायला लागणारी माहितीसुद्धा असंच कुणीतरी लॅबच्या टेबलापाशी उभं राहून जमवत असतं.

गर्भसंस्काराच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण पुण्यात या नावाने बरंच खपवलं जातं. पुरावा म्हणून हमखास डच दुष्काळ सांगतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये माणसं उपाशी मरत होती. त्या काळात गर्भ राहिलेल्या मुलांचं रक्त साठेक वर्षांनी तपासलं, तर आयजीएफ२ या जीनवरचे मिथाइल गट, म्हणजे जीनच्या वापरावर परिणाम करणाऱ्या रासायनिक खुणा, थोडे कमी दिसले. हा अभ्यास २००८ मध्ये आला. तुलना कुणाशी केली? त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी, ज्यांच्या वेळी आई उपाशी नव्हती. कंट्रोल असा असतो. शिवाय गरोदरपणाच्या शेवटी दुष्काळ सोसलेल्यांत तो फरक दिसला नाही. आणि हे सगळं आईच्या उपासमारीबद्दल आहे, तिच्या विचारांबद्दल नाही. गरोदर बाईला पोटभर जेवायला मिळावं, यासाठी हा अभ्यास जरूर दाखवा. मंत्रांच्या सीडीसाठी नको.

मेसेजमध्ये नसलेली एक खरी अडचण मात्र मी लपवणार नाही: पीएचडीनंतर कायम नोकऱ्या फार थोड्या आहेत, आणि गाइड कसा मिळतो यावर मुलांचं आयुष्य फार लोंबकळतं.

तो मेसेज वाचून समोरच्या काकू घरी आल्या. मुलीची निवड झालीय, म्हणाल्या, “अगं, पाठवू का नको?” मी म्हटलं, “काकू, तिलाच ठरवू द्या. फक्त आधी एक दिवस त्या लॅबच्या मीटिंगमध्ये बसून यायला सांगा. निकाल दाखवणाऱ्याला बाकीची मुलं मोकळेपणाने प्रश्न विचारतात का, ते बघून ये म्हणावं. आणि आधीच्या मुलांना किती वर्षं लागली, ते त्या मुलांनाच विचार.” गुरुवारी ती जाऊन बसणार आहे.