रात्री साडेबाराला मोबाइल बंद करून झोपा म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा परत तो मेसेज आला. तुमच्याकडेही आलाच असेल, नाशिकमध्ये इंदिरानगरपासून म्हसरूळपर्यंत एकही ग्रुप त्यातून सुटलेला दिसत नाही. ज्यांना नाही आला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. "आज रात्री १२:३० ते ३:३० गॅमा किरणांचा महास्फोट पृथ्वीजवळून जाणार. मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा, किरणं मोबाइलकडे ओढली जातात. २०२२ ला असाच स्फोट भारतावर झाला होता पण नासाने दडवला. शास्त्रज्ञ म्हणतात हे अब्जावधी प्रकाशवर्षं लांब असतं, पण दोन सेकंदांत विझणाऱ्या गोष्टीचं अंतर मोजणार कसं? सगळ्या थापा. एक जरी नेम लागला तर जीवसृष्टी खलास. सगळ्यांना पाठवा." आणि खाली हात जोडलेले चार इमोजी.

पाठवणारे काका तिसऱ्या मजल्यावरचे, माणूस एकदम भला, पाण्याचा टँकर आला की सगळ्यांच्या आधी तेच खाली उतरतात. त्यांनी मलाच टॅग केलं, "तुझ्याकडे दुर्बीण आहे ना, बघ जरा." आता ती दुर्बीण म्हणजे सहा इंची, हौसेची, गच्चीवर लावली की समोरच्या बिल्डिंगचा एलईडी आधी दिसतो आणि मग शनी. पण या विषयाचं मी बरीच वर्षं वाचतोय, त्यामुळे काका, बघितलं. एकेक वाक्य घेतो.

आधी ते साडेबारा ते साडेतीन. हा मेसेज काही नवीन नाही, पूर्वी यात कॉस्मिक किरणं असायची, सिंगापूरच्या टीव्हीचं नाव असायचं, वेळ मात्र तीच, साडेबारा ते साडेतीन. आता फक्त गॅमाची पाटी लावलीय. पण खरी गोची वेगळी आहे. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचाच भाऊबंद, वेग तोच, आणि गॅमा स्फोट म्हणजे कोसळणाऱ्या किंवा आदळणाऱ्या ताऱ्यांतून सुटलेला त्यांचा झोत. मग तो "येतोय" ही बातमी त्याच्या आधी कोण आणणार? सिंहस्थात मिरवणुकीच्या पुढे बँड असतो, दोन चौक आधीच कळतं की आले म्हणून, इथे पुढे बँड नाही, मिरवणूकच थेट अंगावर येते. २०१७ च्या १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांवर आदळले ते आपल्याला कळलं, तेव्हा गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या लाटा, आधी पोचल्या आणि गॅमा किरण मागून आले, किती मागून? १.७ सेकंद. एवढ्यात माझा मोबाइल बंद होत नाही, बटण दाबून धरावं लागतं. त्यामुळे ज्या मेसेजमध्ये स्फोटाची आगाऊ वेळ दिलीय तो तिथेच फेकायचा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

किरणं मोबाइलकडे ओढली जातात यावर फार लिहीत नाही. गॅमा किरणाला विद्युतभार नसतो, त्याला ना लोहचुंबक ओढतो ना मोबाइल, तो सरळ जातो. संपलं.

आता २०२२. इथे मात्र मेसेजवाल्याच्या हाताला एक खरी गोष्ट लागलीय, आणि ती त्याने इतकी वाया घालवलीय की मला वाईट वाटतं. तारीख होती ९ ऑक्टोबर २०२२, रविवार. आठवतंय का? कोजागिरी होती त्या दिवशी. संध्याकाळी आपल्या वेळेनुसार ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मी नावाच्या नासाच्या गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रहावर पहिली झलक आली आणि पुढच्या चार-पाच मिनिटांत इतका जोर आला की त्याचे डिटेक्टर अक्षरशः भरून वाहिले, मोजणीच चुकायला लागली. आजवर टिपलेल्या सगळ्या गॅमा स्फोटांत हा सगळ्यात तेजस्वी, असा साधारण दहा हजार वर्षांतून एकदा यावा असा हिशोब निघाला. नाव जीआरबी २२१००९ए, जीआरबी म्हणजे गॅमा-रे बर्स्ट आणि पुढे नुसती तारीखच, उलटी लिहिलेली.

आणि आकाशात कुठे? शर नावाचं छोटंसं नक्षत्र आहे, गरुडाच्या वरच्या अंगाला, तिथे. मी नंतर नकाशा घेऊन बसलो, नाशिकचा अक्षांश २०, त्या जागेची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, जवळजवळ २०, वेळ जुळवली तर उत्तर आलं की तो स्फोट तेव्हा नाशिकच्या जवळजवळ बरोब्बर डोक्यावर होता, दोन-तीन अंश पश्चिमेला फारतर. दोनदा तपासलं, मला खरंच वाटेना. म्हणजे पूर्वेला चंद्र वर येत होता, खाली आपण दूध आटवत होतो, कुणीतरी केशर किती घालायचं यावरून वाद घालत होतं, आणि गेल्या कित्येक हजार वर्षांतला सगळ्यात मोठा गॅमा स्फोट थेट आपल्या टाळूवर उतरत होता. काका, तुम्ही त्या रात्री गच्चीवर गाणं म्हटलं होतं, त्याचा व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. मोबाइल चालू होते, सगळ्यांचे. काय झालं? काही नाही.

का नाही, तर वातावरण. आपल्या डोक्यावर जी हवा आहे तिचं वजन धरलं तर ती साधारण दहा मीटर खोल पाण्याइतकी होते. गॅमा किरण त्यात वरच्यावरच, जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवरच जिरतात, म्हणून तर ते बघायला उपग्रह सोडावे लागतात. त्या संध्याकाळी वरच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, मात्र खरोखर खळबळ झाली, रेडिओ लहरींवर ती दिसली, भारतातल्या वीज पडल्याची नोंद घेणाऱ्या यंत्रांनीसुद्धा ती पकडली. बहुतेक यावरूनच "भारतावर स्फोट झाला" हे तयार झालं असावं. झाला तो दोन अब्ज वर्षांपूर्वी, भलत्याच दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारकासमूहात. आपल्यावर आला तो त्याचा उजेड.

नासाने दडवला म्हणे! अहो, असा एखादा स्फोट दिसला की उपग्रहाकडून काही सेकंदांत जगभर सूचना जाते, जीसीएन म्हणून नेटवर्क आहे, त्यावर कुणीही नाव नोंदवू शकतं, फुकट, तुम्ही आम्ही कुणीही. फर्मी एकटा वर्षाला सुमारे २४० स्फोट टिपतो, म्हणजे दीड दिवसाला एक. दडवणार किती?

उलट त्या रात्रीचीच गंमत ऐका. स्विफ्ट नावाचा दुसरा उपग्रह आहे, या कामातला सगळ्यात चपळ, पण स्फोट झाला तेव्हा त्याच्या आणि स्फोटाच्या मध्ये पृथ्वी होती. जवळजवळ पाऊण-एक तासाने, म्हणजे आपल्याकडे पावणेआठच्या आत-बाहेर, तो फिरून समोर आला आणि त्याला तिथे काहीतरी चकाकताना दिसलं, तर त्याच्या लोकांना वाटलं आपल्याच आकाशगंगेतला कुठलातरी नवीन क्ष-किरण तारा असेल, तसंच जाहीरही केलं. मग फर्मीची नोंद जुळली आणि लक्षात आलं की अरे, ही तर त्या स्फोटाची मागे राहिलेली धग आहे. चूकही सगळ्यांसमोर, दुरुस्तीही सगळ्यांसमोर. असं कुणी दडवतं का?

आता धग शब्द आलाच आहे तर अंतराच्या मुद्द्याकडे येतो, कारण पूर्ण मेसेजमध्ये विचारण्यासारखा प्रश्न हा एकच आहे. दोन सेकंदांत विझणाऱ्या गोष्टीचं अंतर कसं मोजणार? काका, १९९७ च्या आधी हा प्रश्न तुम्ही विचारला असता तर भल्याभल्यांनी मान खाली घातली असती. हे स्फोट सापडले १९६७ मध्ये, अमेरिकेच्या वेला उपग्रहांना, ते सोडले होते कुणी चोरून अणुचाचणी करतंय का बघायला. १९७३ मध्ये जाहीर झालं. आणि तिथून पुढे चोवीस वर्षं हे जवळ आहेत का लांब यावर मोठमोठे लोक भांडत होते, १९९५ मध्ये वॉशिंग्टनला चक्क जाहीर वादसभा झाली. कारण गॅमा किरण भिंगाने गोळा करता येत नाहीत, डिटेक्टरला फक्त "त्या बाजूने आला" एवढंच कळतं. हात लांब करून मूठ धरा, तेवढं आकाश साधारण दहा अंश, तेवढ्यात कुठेतरी. त्या मुठीत हजारो दीर्घिका.

आपल्या बिल्डिंगमध्ये फोडणीचा चर्र आवाज येतो ना, दोन सेकंदांचा, त्यावरून कुणाकडे ते नाही सांगता येत. पण वास जिन्यात रेंगाळतो, वासाच्या मागे गेलं की दार सापडतं, आणि लसूण आहे का हिंग तेही कळतं. तसंच इथे आहे. स्फोट संपतो पण त्याने बाहेर फेकलेला झोत आजूबाजूच्या वायूवर आदळून तापतो आणि मग क्ष-किरणात, साध्या उजेडात, रेडिओत तास, दिवस, महिने निवत राहतो, त्याला आफ्टरग्लो म्हणतात, मी धगच म्हणतो.

ही धग पहिल्यांदा पकडली २८ फेब्रुवारी १९९७ ला. आपल्याकडे विज्ञान दिन. बेपोसॅक्स नावाच्या इटालियन-डच उपग्रहाने स्फोट टिपला, काही तासांनी परत तिकडे क्ष-किरण दुर्बीण वळवली तर तिथे निवणारं काहीतरी होतं. मग ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने त्याच रात्री फोटो काढला, आणि ८ मार्चला परत काढला. दोन फोटो शेजारी ठेवले. एका ठिपक्याने जागा सोडलेली नव्हती पण तेज सोडलं होतं. तोच तो. मे महिन्यात पुढच्या एका स्फोटाच्या धगीचा वर्णपट, म्हणजे उजेड रंगारंगांत फोडून काढलेला पट, मिळाला आणि अब्जावधी प्रकाशवर्षांचा निकाल लागला.

आजही पद्धत तीच आहे, फक्त वेग वाढलाय. स्विफ्ट स्वतःच मिनिट-दोन मिनिटांत मान वळवतो आणि मूठभर आकाशाचं टाचणीच्या टोकाएवढं करून देतो. मग जमिनीवरच्या दुर्बिणी. लडाखला हानलेत साडेचार हजार मीटरवर ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची रोबोटिक दुर्बीण आहे, आयआयटी मुंबई आणि बंगळूरुच्या आयआयए या खगोलशास्त्राच्या संस्थेची, तिचं कामच असल्या पटकन विझणाऱ्या गोष्टींमागे धावायचं. घाई का, तर पहिल्या तासाला जेवढा उजेड तेवढ्याचा दहाव्या तासाला जेमतेम दहावा भाग उरतो, त्यात ढग आले की गेलं.

आणि अंतर असं. कोजागिरीच्या धगीच्या वर्णपटात कॅल्शियमची काळी रेघ, म्हणजे तिथल्या वायूतल्या कॅल्शियमने गिळलेला रंग, दिसली. कॅल्शियमची ही रेघ प्रयोगशाळेत ३९३ नॅनोमीटरला असते, इथे ती सरकून ४५३ च्या आसपास गेलेली, म्हणजे १५ टक्के ताणलेली. विश्व प्रसरण पावतंय त्यामुळे प्रकाश जितका लांबून येतो तितका ताणला जातो, १५ टक्के ताण म्हणजे सुमारे दोन अब्ज वर्षांचा प्रवास. यात थाप कुठे आहे ते दाखवा.

थापा पकडायचंच म्हणाल तर ते कामही हीच मंडळी करतात. ४ जानेवारी २०१७ ला गुरुत्वीय लहरी आल्या, दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यात हवाईच्या दुर्बिणीला एक विझणारा ठिपका दिसला, सगळे खूश, लहरी आणि ठिपका एकाच घटनेचे, जोडी जमली! आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे, त्याचा डेटा पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत उतरतो, त्यात लहरींनंतर सुमारे २१ तासांनी आलेला वेगळाच गॅमा स्फोट सापडला आणि ठिपक्याची निवण्याची वेळ त्याच्याशी जुळली. जोडी मोडली.

जीवसृष्टी खलास हे थोडक्यात. आपल्याच आकाशगंगेत, काही हजार प्रकाशवर्षांत, आणि झोत नेमका आपल्याकडे असेल तर ओझोनचं नुकसान होऊ शकतं हे खरं. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या विनाशाला असा स्फोट कारणीभूत असेल अशी एक कल्पना मांडलीय, पुरावा नाही. त्यासाठी मोबाइल उशाखालून काढून उपयोग नाही एवढं नक्की.

एक राहिलंच. मोबाइल बंद ठेवण्याचा मुद्दा एका ठिकाणी शंभर टक्के बरोबर आहे, आणि ते आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरच आहे. नारायणगावहून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची धग रेडिओत त्यांनीही ऐकली. इतका क्षीण आवाज ऐकायचा तर शेजारी मोबाइल चालत नाही, आणि याच कारणावरून आपल्या नाशिक-पुणे रेल्वेचा मार्ग अडला, त्यावरून तुम्ही ग्रुपवर किती शिव्या घातल्यात ते मला आठवतंय. विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात. येत्या २८ फेब्रुवारीला मी सकाळी सहाला गाडी काढतोय, सिन्नरला मिसळ खाऊन पुढे, दोन सीट रिकाम्या आहेत. काका, तुम्ही आणि काकू या. मोबाइल मात्र गेटवर बंद करावा लागेल.