‘नर ठणठणीत दिसतोय ना, मग दे!’

‘निरोगी दिसणारा साप विणीसाठी उसना द्यायला कसलाही धोका नाही. प्राणिसंग्रहालयंही देतात. आठवड्याचं काम, वर अर्धी पिल्लं फुकट.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल तो मावसभावाने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘शनिवारी देऊ का?’ त्याचा बॉल पायथन (पाळीव अजगर) ज्या घरी जाणार, तिथे बोआ जातीचे सापही आहेत. देऊ नकोस. का, ते सांगते.

‘आजारी असता तर दिसलं असतं.’ साफ खोटं, आणि यापायीच साप जातात. इन्क्लूजन बॉडी डिसीज हा बोआ-पायथनांचा जीवघेणा आजार. त्यामागे रेप्टारेनाव्हायरस नावाचे विषाणू असावेत, हे २०१२ मध्ये पुढे आलं. २०१७ साली ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त एक प्रयोग छापून आला. बोआ आणि बॉल पायथन, दोघांनाही मुद्दाम या विषाणूंची लागण केली होती. पायथनांच्या मज्जासंस्थेवर दोन महिन्यांच्या आत गंभीर परिणाम झाला. बोआ मात्र दोन वर्षं वरून धडधाकट, पेशींत आजाराच्या खुणा घेऊन. म्हणजे त्या घरातले बोआ नीट खातायत, वेळेवर कात टाकतायत, यावरून काहीच कळत नाही. आणि लागण झालेल्या पायथनाचं काय होतं? मान मागे वळून तोंड छताकडे लागतं. उताणा केला तर पालथं होता येत नाही. यावर औषध नाही.

‘माइट्स झाले तर आंघोळ घालायची.’ माइट्स म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. माइटची मादी अंडी सापाच्या अंगावर नाही, साप ठेवतात त्या टबच्या सांध्याफटींत घालते. नुसता साप धुऊन काय होणार?

‘आठवड्याचं काम.’ एका मेटिंगवर सहसा भागत नाही, नर पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. त्या दिवसांत बरेच नर खाणंच सोडतात. परत आल्यावर निदान तीन महिने वेगळ्या खोलीत क्वारंटाइन, ते वेगळंच.

‘अर्धी पिल्लं.’ मादी आधीच्या नराचं वीर्य महिनोन्महिने साठवून ठेवू शकते. मग पिल्लं याच नराची कशावरून?

प्राणिसंग्रहालयं विणीसाठी प्राणी एकमेकांना देतात, एवढं खरं, मान्य. पण नोंदी, तपासण्या, विलगीकरण आणि लेखी करार करून देतात. मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय.

द्यायचाच असेल तर आधी त्या घरातल्या प्रत्येक सापाचे रेप्टारेनाव्हायरस आणि निडोव्हायरस (सापांना श्वसनाचा आजार देणारा विषाणू) यांचे पीसीआर रिपोर्ट माग. एकदा निगेटिव्ह आला म्हणून लगेच हो म्हणू नकोस, काही आठवड्यांनी पुन्हा करायला सांग. आणि ते टाळाटाळ करायला लागले, तर नर घरीच राहू दे.